मोर्सची इलेक्ट्रॉनिक कळ : कशी निवडावी, कशी चालवावी



रेल्वेच्या लहान स्टेशनावर किंवा तालुक्याच्या तारघरात बसलेला तारमास्तर आणि त्याच्या बोटाखाली चाललेले ते ‘कट् कडकट्’ आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींच्या चांगले स्मरणात असेल. सॅम्युअल मोर्स याने २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेवरून जो संदेश धाडला, त्या दिवसापासून ही खुणांची भाषा जगभर गेली. आपल्या देशातली तारेची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तेव्हा पुष्कळांना वाटले की आता मोर्सही संपला. पण तसे झालेले नाही. हौशी बिनतारीवाले, म्हणजे ज्यांना ‘हॅम’ म्हणतात ते लोक, आजही मोर्समधून देशोदेशी बोलत असतात.

तुम्ही म्हणाल, घरोघरी मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. मोर्सचा संदेश हवेत फार थोडी जागा घेतो. आवाजाने बोलायचे तर सुमारे अडीच हजार हर्ट्झ रुंदीची वाट लागते. मोर्सला दीडशेच्या आसपास पुरते. वाट जितकी चिंचोळी तितकी बाहेरची खरखर आत कमी शिरते. म्हणून जिथे आवाज विरून जातो, तिथे मोर्सची बारीक शिट्टी कान टिपू शकतो. पाच वॉटचे लहानसे यंत्र, झाडाला बांधलेली तार आणि मोटारीची बॅटरी एवढ्या सामानावर समुद्रापार बोलणे होते. भूजच्या २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर आणि २६ डिसेंबर २००४ ला सुनामीने अंदमानला वेढले तेव्हा, हौशी बिनतारीवाल्यांनी निरोप पोचवण्याचे मोलाचे काम केले. अशा वेळी पुष्कळसे काम बोलूनच होते. पण बॅटरी उतरत आली, संकेत क्षीण झाला, म्हणजे मोर्स जाणणारा माणूस जवळ असलेला बरा.

आज आपण मोर्सच्या एका साधनाची माहिती करून घेऊ. त्याला इंग्रजीत ‘कीअर’ म्हणतात. आपण त्याला इलेक्ट्रॉनिक कळ म्हणू. ती कशी चालते, घेताना काय पाहावे आणि घेतल्यावर हात कसा बसवावा, हे क्रमाने पाहू.

आधी मोर्सची घडण ध्यानात घेतली पाहिजे. मोर्समध्ये दोनच खुणा आहेत. एक आखूड, तिला ‘डिट’ म्हणतात; दुसरी लांब, तिला ‘डा’ म्हणतात. आपल्याकडे शाळेत वृत्ते शिकवताना जे लघु आणि गुरु आपण सांगतो, तसेच हे आहे. फरक एवढाच, की वृत्तात गुरूच्या दोन मात्रा धरतात, इथे तीन धरायच्या. डिट एक मात्रा, डा तीन मात्रा. एका अक्षराच्या आतल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा मोकळी सोडायची. दोन अक्षरांमध्ये तीन मात्रा. दोन शब्दांमध्ये सात मात्रा. मोर्सचे सारे गणित एवढेच.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे एक गंमत सांगतो, ती वर्गात उपयोगी पडेल. ‘यमाताराजभानसलगा’ हे गणांचे सूत्र मुलांना पाठ असते. तीन-तीन अक्षरांचे आठ गण आहेत ना? मोर्समध्येही तीन खुणांची इंग्रजी अक्षरे बरोबर आठच आहेत, आणि गणांशी ती एकास एक जुळतात. य गण लघु-गुरु-गुरु, तो झाला डब्ल्यू. म गण तिन्ही गुरु, तो ओ. त गण गुरु-गुरु-लघु, तो जी. र गण गुरु-लघु-गुरु, तो के. ज गण लघु-गुरु-लघु, तो आर. भ गण गुरु-लघु-लघु, तो डी. न गण तिन्ही लघु, तो एस. स गण लघु-लघु-गुरु, तो यू. आणि सूत्राच्या शेवटी उरलेले ल आणि गा? एकटा लघु म्हणजे ई, एकटा गुरु म्हणजे टी. म्हणजे ज्या मुलाला गण येतात त्याला दहा अक्षरे आधीच येतात. फक्त ती कानाने ओळखायला शिकायची.

वेग कसा मोजायचा, तेही सांगतो. त्यासाठी ‘पॅरिस’ हा इंग्रजी शब्द माप म्हणून ठरलेला आहे. पी, ए, आर, आय, एस या पाच अक्षरांच्या मात्रा अनुक्रमे ११, ५, ७, ३ आणि ५, बेरीज ३१. अक्षरांमधल्या चार जागांच्या प्रत्येकी तीनप्रमाणे १२, आणि शब्दानंतरच्या ७. एकूण ५० मात्रा. मिनिटाला ८ शब्द म्हणजे ४०० मात्रा. तेव्हा एक मात्रा १५० मिलिसेकंदांची झाली. मिनिटाला १२ शब्द असतील तर १०० मिलिसेकंदांची, आणि २० शब्द असतील तर ६० मिलिसेकंदांची. मुलांना हे त्रैराशिक फळ्यावर करायला द्यावे. त्यांना गोडी लागेल.

आता कळीकडे वळू. जुनी साधी कळ आपण चित्रात पाहिलेली असते: एक पितळी दांडी, पुढे गोल मूठ, खाली दाबले की विजेची वाट जुळते, सोडले की तुटते. डिट किती आखूड नि डा किती लांब, हे सर्वस्वी माणसाच्या मनगटावर अवलंबून. ‘पॅरिस’ या एका शब्दाला १४ वेळा दाबावे लागते. मिनिटाला ८ शब्दांना ११२ वेळा, आणि २० शब्दांना २८० वेळा. दिवसभर हे काम करणाऱ्या तारमास्तरांचे हात आखडत. अमेरिकेत या दुखण्याला ‘काचेचा हात’ असे नाव पडले होते. त्यावर उपाय म्हणून होरेस मार्टिन नावाच्या गृहस्थाने १९०४ च्या सुमारास ‘व्हायब्रोप्लेक्स’ नावाची कळ काढली. तिच्यात एक लवचीक पट्टी आणि तिच्यावर वजन असे. अंगठ्याने पाते ढकलले की पट्टी थरथरे आणि डिटची माळ आपोआप निघे. डा मात्र हातानेच द्यावे लागत. म्हणजे अर्धे काम यंत्राचे, अर्धे माणसाचे.

इलेक्ट्रॉनिक कळ हे त्याच्या पुढचे पाऊल. तिच्यात डिटही यंत्र मोजते, डाही यंत्र मोजते, आणि त्यांच्यामधली एक मात्रेची मोकळी जागाही यंत्रच सोडते. आपण फक्त कोणती खूण हवी ते सांगायचे. पूर्वी ही यंत्रे दिव्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या सर्किटची असत. मग ट्रान्झिस्टर आले. १९७० च्या दशकात अमेरिकेत कर्टिस यांच्या ८०४४ या चिपने सगळी करामत बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात आणली. आता तर आर्डुइनोसारख्या लहान पट्टीवर मोफत मिळणारा प्रोग्रॅम भरून कुणीही हे यंत्र घरी करू शकतो.

या यंत्राला जोडायची कळ वेगळी असते. तिला पॅडल म्हणतात. ती वर-खाली दाबायची नसते. तिची दोन पाती उभी, शेजारीशेजारी असतात आणि ती आडवी ढकलायची असतात. उजव्या हाताने चालवणाऱ्याने अंगठ्याने डावे पाते दाबले की डिट, तर्जनीने उजवे पाते दाबले की डा. दाबून धरले की त्या खुणेची माळ सुरू राहते. आणि महत्त्वाचे म्हणजे, एकदा सुरू झालेली खूण यंत्र पुरी केल्यावाचून सोडत नाही. आपले बोट जरा लवकर उचलले गेले म्हणून डा अर्धवट तुटत नाही.

दोन्ही पाती एकदम चिमटीत धरली तर? तर लघु-गुरु-लघु-गुरु असे आळीपाळीने निघत राहते. ज्या पात्याला आधी स्पर्श झाला ती खूण आधी. ग्रीक छंदःशास्त्रात लघु-गुरु अशा जोडीला ‘आयाम्ब’ म्हणतात. त्यावरून या पद्धतीला ‘आयाम्बिक’ असे नाव पडले. सी हे अक्षर पाहा: गुरु-लघु-गुरु-लघु. साध्या कळीवर चार वेळा दाबावे लागते. इथे डा-च्या बाजूने सुरुवात करून एकदाच चिमूट धरायची. क्यू म्हणजे गुरु-गुरु-लघु-गुरु. डा-चे पाते धरून ठेवायचे आणि दुसरा डा चालू असताना डिटच्या पात्याला नुसता टिचका द्यायचा. यंत्र तो टिचका लक्षात ठेवते आणि डा संपला की डिट घालते. त्याचप्रमाणे डिटचे पाते धरून डा-ला टिचका दिला की एल किंवा एफ होते. टिचका पहिल्या डिटमध्ये पडला तर एल, दुसऱ्या डिटमध्ये पडला तर एफ.

आता एक नाजूक भाग. चिमूट सोडली की यंत्राने काय करावे, याच्या दोन रीती आहेत: ‘ए’ रीत आणि ‘बी’ रीत. ‘ए’ रीतीत, चिमूट सोडली तेव्हा जी खूण चालू असेल ती पुरी होते आणि यंत्र थांबते. ‘बी’ रीतीत, ती खूण पुरी होऊन उलट जातीची आणखी एक खूण निघते आणि मग यंत्र थांबते. समजा एखाद्याचा हात ‘ए’ रीतीवर बसला आहे. त्याने ए हे अक्षर, म्हणजे लघु-गुरु, चिमटीने काढले आणि डा चालू असताना चिमूट सोडली. ‘ए’ यंत्रावर ए निघेल. ‘बी’ यंत्रावर शेवटी एक लघु जास्त निघून त्याचा आर होईल. तसाच एन-चा के होईल. माणसाला वाटते आपला हात बिघडला, किंवा यंत्र बिघडले. वास्तविक दोन्ही ठीक असतात; रीत जुळलेली नसते. तेव्हा यंत्र घेताना ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही रीती निवडता येतात ना, एवढे अवश्य पाहावे. नवशिक्याने कोणतीही एक धरावी आणि मग ती बदलू नये. आणि चिमूट धरायची नसेल, एका वेळी एकच पाते दाबायचे असेल, तर दोन्ही रीती सारख्याच. तसे चालवणारेही पुष्कळ चांगले हॅम आहेत.

आता खरेदीचा विचार करू. बैल घेताना जसे आपण दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो, तसे इथेही क्रमाने पाहावे.

पहिली गोष्ट, वेगळे यंत्र खरोखर हवे आहे काय? अलीकडच्या बहुतेक ट्रान्सीव्हरमध्ये इलेक्ट्रॉनिक कळ आतच बसवलेली असते. मग नुसते पॅडल घेतले की काम भागते. यंत्राचे माहितीपुस्तक वाचल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. वेगळी कळ घ्यायची ती तीन कारणांनी: आपला ट्रान्समीटर जुना किंवा घरी केलेला आहे, किंवा ट्रान्समीटर न लावता सराव करायचा आहे, किंवा आतल्या कळीत आपल्याला हवी ती सोय नाही.

दुसरी गोष्ट, पैसे थोडे असतील तर ते पॅडलवर जास्त खर्च करावेत, इलेक्ट्रॉनिक डबीवर कमी. डबीच्या आतले मोजमाप स्वस्त चिपही अचूक करते. पण पॅडल डुगडुगते असेल, सांधे सैल असतील, बैठक हलकी असून टेबलावर सरकत असेल, तर कितीही चांगली डबी असली तरी अक्षरे बिघडतात. पॅडल बोटाने ढकलून पाहावे. ते जड बैठकीचे असावे, किंवा खाली रबर असावे. दोन्ही पात्यांचे अंतर आणि ताण स्क्रूने वेगवेगळा लावता यावा.

तिसरी गोष्ट, वेगाचे बटण. ते फिरवता येणारे आणि हाताशी असावे. समोरचा माणूस हळू पाठवत असेल तर आपणही लगेच हळू व्हायला हवे. त्यासाठी यादीत शिरून चार बटणे दाबावी लागली, तर तोवर संभाषणाचा बोजवारा उडतो.

चौथी गोष्ट, आपलाच संदेश आपल्याला ऐकू येईल असा आतला सूर. तो साधारण ६०० ते ७०० हर्ट्झचा बरा वाटतो. आवाज कमीजास्त करता यावा, आणि कानात घालायची हेडफोन लावण्याची सोय असावी. घरात मुले झोपली असताना सराव करायचा तर ही सोय लागतेच.

पाचवी, वीज. खेड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. तेव्हा डबी साध्या बॅटरीवर किंवा बारा व्होल्टवर चालणारी घ्यावी.

सहावी, डावखुऱ्यासाठी पाती उलटी करण्याची सोय. काही उजवे लोकही पॅडल डाव्या हाताने चालवायला शिकतात, म्हणजे उजवा हात लिहायला मोकळा राहतो. नव्याने शिकणाऱ्याने याचा विचार आरंभीच करावा.

आणि सगळ्यात शेवटी स्मरण, म्हणजे ठरावीक वाक्ये साठवण्याची सोय. ‘कुणी आहे का’ अशी सर्वांना घालायची हाक आणि आपले हाकचिन्ह पुन्हापुन्हा पाठवावे लागते, त्याला ती उपयोगी पडते. पण नवशिक्याने ती सोय वर्षभर वापरू नये असे मी म्हणेन. जे वाक्य आपण सर्वांत जास्त वेळा पाठवणार, तेच हाताला सर्वांत चांगले बसायला हवे ना?

जोडणी करताना थोडी काळजी घ्यावी लागते. पॅडलपासून डबीकडे तीन तारा जातात. साधारणपणे तीन भागांचा स्टिरिओ प्लग असतो: त्याच्या टोकाला डिट, मधल्या कड्याला डा, आणि मागच्या दांडीला दोघांची समाईक तार. डबीपासून ट्रान्समीटरकडे मात्र दोनच तारा लागतात. इथेच पुष्कळांची फसगत होते. बाहेरची डबी लावली, पण ट्रान्समीटरच्या आतली कळही चालूच राहिली, तर बाहेरून आलेल्या प्रत्येक खुणेला आतली कळ डिटच समजते. आपण डा पाठवला की आतून डिट-डिट निघते. म्हणून बाहेरची डबी लावताना ट्रान्समीटर ‘साधी कळ’ या खुणेवर ठेवावा. तसेच, दोन भागांचा मोनो प्लग तीन भागांच्या भोकात घातला की मधले कडे आणि दांडी एकमेकांना चिकटतात. मग आतली कळ चालू असेल तर हात न लावताच डा-डा-डा अशी रांग लागते. यंत्र बिघडले म्हणून दुकानात नेण्याआधी प्लग पाहावा.

जुन्या व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरची गोष्ट निराळी. त्याच्या कळीच्या टोकांवर शंभर व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो, आणि काही यंत्रांत तो ऋण असतो. आजच्या डबीच्या बाहेरच्या टोकाला सहसा लहानसा ट्रान्झिस्टर असतो. तो अशा दाबाने तत्काळ जळतो. आणि उघड्या टोकाला बोट लागले तर माणसालाही धक्का बसतो, तो जिवावरचाही असू शकतो. अशा यंत्राला मध्ये योग्य रिले घालूनच डबी जोडावी, आणि ते काम जाणकाराच्या देखरेखीखाली करावे. मुलांना तिथे हात लावू देऊ नये.

पहिली चाचणी एरियल काढून, डमी लोड लावून करावी. डमी लोडवर ठीक चालते, पण एरियल जोडताच डबी आपल्या मनाने काहीतरी बडबडू लागते, असा अनुभव पुष्कळांना येतो. आपल्याच ट्रान्समीटरच्या लहरी पॅडलच्या तारेतून आत शिरतात, म्हणून असे होते. तार आखूड आणि वर जाळीचे आवरण असलेली घ्यावी, तिच्यावर फेराइटचे कडे चढवावे, आणि पॅडलच्या प्रत्येक टोकापासून समाईक तारेपर्यंत ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा. बहुधा एवढ्याने भागते.

आता हात बसवण्याकडे येऊ. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक कळ खुणा सुबक करते. चुका कमी करतेच असे नाही. चुकीचे अक्षरसुद्धा ती तितक्याच सुबकपणे पाठवते. साध्या कळीवर वेडेवाकडे आलेले अक्षर ऐकून समोरचा म्हणतो, ‘हा माणूस नवखा दिसतो, जरा जपून घेऊ’. इथे मात्र सुबक चूक त्याला खरीच वाटते. एस म्हणजे तीन लघु. बोट क्षणभर जास्त राहिले की चार होतात, तो एच. आणखी राहिले की पाच, तो ५ हा आकडा. ‘सांगली’चे ‘हांगली’ झाले तर ऐकणारा अंदाजाने सुधारून घेईल. पण आपल्या देशाची हाकचिन्हे व्ही-यू या अक्षरांनी सुरू होतात. व्ही म्हणजे तीन लघु, एक गुरु. एक लघु वाढला की झाला ४. तो कुणी कशावरून सुधारावा? पूर आलेला आहे, अमुक गावी इतक्या पेट्या औषध हवे आहे, असा निरोप असेल, तर नाव चुकले तरी वाचते, आकडा चुकला तर वाचत नाही. म्हणून आकडे नेहमी दोनदा पाठवण्याची सवय लावावी, आणि समोरच्याकडून ते परत वदवून घ्यावेत. चूक झाली असे कळताच आठ लघूंची माळ पाठवावी आणि तो शब्द पहिल्यापासून द्यावा.

दुसरी मेख मोकळ्या जागांची आहे. खुणांमधली जागा यंत्र सोडते. अक्षरांमधली आणि शब्दांमधली जागा मात्र बहुधा आपणच सोडायची असते. ए आणि एन यांच्यामध्ये तीन मात्रांचा विसावा घेतला नाही, तर लघु-गुरु-गुरु-लघु असा सलग पी ऐकू येतो. बोलताना आपण शब्द एकमेकांत गुंतवत नाही, तसेच हे आहे. इलेक्ट्रॉनिक कळ चालवणारे लोक सुबक पण गिचमिड पाठवतात, अशी तक्रार असते, ती या कारणाने.

सराव कसा करावा? आधी कान, मग हात. महिनाभर नुसते ऐकावे. दोन अक्षरांपासून सुरुवात करावी, आणि दहांतली नऊ बरोबर येऊ लागली की तिसरे घ्यावे. अक्षर स्वतः वेगात, मिनिटाला १५ शब्दांच्या चालीने ऐकावे. दोन अक्षरांमधली जागा मात्र लांब ठेवावी, म्हणजे एकंदर वेग आठाच्या घरात येतो. अक्षर हळू ऐकले की माणूस डिट-डा मोजू लागतो, आणि मोजण्याची सवय पुढे जात नाही. पाठवतानाही डबीचा वेग १५ वर ठेवून अक्षरांमध्ये विसावा घ्यावा.

कान तयार झाला की आठवडाभर साध्या कळीवर हात फिरवावा. एकास तीन हे माप मनगटाला एकदा कळले की मग ते विसरत नाही. शिवाय डबी कधी बंद पडली तर दोन तारांवर चालणारी साधी कळ हाच आधार असतो. मग पॅडल घ्यावे. कोपर आणि मनगट टेबलावर टेकवावे, बोटे सैल ठेवावीत, पात्याला नुसता स्पर्श करावा; दणका देऊ नये. पहिल्या दिवशी नुसते मोजून द्यावे: एक डिट, दोन, तीन, चार, पाच, मग तसेच डा. मोजणी चुकत नाही असे झाले की ए आणि एन, मग के आणि आर, मग शेवटी सी, एफ, एल, क्यू, वाय ही फसवी अक्षरे. रोज पंधरा मिनिटे पुरे, पण रोज. आपले पाठवणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन उतरवून घ्यावे. आपल्यालाच ते वाचता आले नाही, तर दुसऱ्याला कसे येणार?

शाळेत हा उद्योग फार थोड्या खर्चात करता येतो. करवतीची दोन जुनी पाती, लाकडाचा जड ठोकळा, चार स्क्रू आणि मधे समाईक टोकासाठी पितळी तुकडा एवढ्यावर चांगले पॅडल होते. पात्याचे दात घासून बोथट करावेत आणि कडेला कापडी फीत गुंडाळावी, म्हणजे हात कापणार नाही. आर्डुइनोची पट्टी आणि लहान भोंगा जोडला की सरावयंत्र तयार. नुसता सूर काढणारे असे यंत्र हवेत लहरी सोडत नाही, म्हणून वर्गातल्या सरावाला परवान्याची गरज नसते. ट्रान्समीटर मात्र परवान्यावाचून लावता येत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. २००३ साली आंतरराष्ट्रीय नियमांतून मोर्सची सक्ती निघाली आणि तो निर्णय देशोदेशींवर सोपवण्यात आला. त्यानंतरही आपल्याकडे वरच्या, सर्वसाधारण श्रेणीच्या परवान्यासाठी मिनिटाला ८ शब्दांची परीक्षा ठेवण्यात आली. मर्यादित श्रेणीला ती ठेवली नाही. नियमांत वेळोवेळी बदल होतात. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याकडून ताजे नियम पाहावेत, आणि परीक्षेला कोणती कळ चालेल तेही आधीच विचारून घ्यावे.

निगा म्हणाल तर फारशी नाही. पात्यांचे टेकू मळले की डिट गळू लागतात. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी टेकूंमध्ये धरून पाते हलकेच दाबावे आणि पट्टी ओढून घ्यावी. दोनतीनदा केले की टेकू स्वच्छ होतात. पॉलिश पेपर लावू नये. वरचा चांगला मुलामा निघून जातो. टेकूंमधले अंतर लिहायच्या कागदाच्या जाडीइतके असले की पुरे. कोकणात खारी हवा आणि पावसाळ्याची ओल, घाटावर धूळ. तेव्हा काम झाले की पॅडलवर झाकण घालावे. महिनाभर वापरायचे नसेल तर डबीतली बॅटरी काढून ठेवावी, नाहीतर ती पाझरून आतले सर्किट खाते.

सारांश असा: आपल्या यंत्रात कळ आहे का ते आधी पाहा, पैसे पॅडलवर खर्च करा, ‘ए’ किंवा ‘बी’ एकच रीत धरा, प्लग आणि दाब तपासून जोडा, आणि वेगापेक्षा विसाव्याकडे लक्ष द्या. मिनिटाला वीस शब्द पाठवून दोनदा ‘समजले नाही, पुन्हा सांगा’ असे ऐकण्यापेक्षा, दहा शब्द पाठवून एकदाच पोचलेले केव्हाही चांगले. समोर बसून ऐकणारा आपल्याला दिसत नाही. त्याच्या कानात खरखर आहे, पेन्सिल हातात आहे, आणि आपण पाठवू ते तो खरे मानून लिहून घेणार आहे. त्याला वाचता येईल असे लिहावे, एवढीच आपली जबाबदारी.